विटेचे शेतघर आणि जमिनीचा हक्क : भंडारा जिल्ह्यातील मालगुजारी वाडा, इंग्रजी शेतघराच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठीत 'फार्महाऊस' हा शब्द आज शहरातील सधन माणसाने सुट्टीसाठी बांधलेल्या घराला लावला जातो. इंग्लंडमध्ये ज्याला हे नाव आहे ती वास्तू वेगळी. शेती करणाऱ्या कुटुंबाचे राहते घर, त्यालगतचे धान्यकोठार, गोठा आणि मजुरांच्या कामाची जागा या सर्वांचा मिळून होणारा समूह म्हणजे तेथील शेतघर होय. या अर्थाचे विटेचे शेतघर भंडारा जिल्ह्यात शोधावयाचे झाल्यास ते मालगुजाराच्या वाड्यात सापडते. भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, पवनी व लाखांदूर या सातही तालुक्यांत धानाच्या शेतीवर उभी राहिलेली अशी घरे कमी-अधिक पडक्या अवस्थेत आढळतात. स्थानिक बोलण्यात त्यांना सर्रास 'इंग्रजकाळातले' म्हटले जाते. कालाच्या दृष्टीने हे बहुधा बरोबर असते. बांधणीच्या दृष्टीने मात्र ते दिशाभूल करणारे आहे.

प्रस्तुत लेखात या दोन वास्तुप्रकारांची रचना तपासली आहे. भाजलेली वीट शेतकऱ्याच्या घरात केव्हा येते, हा त्यामागील मूळ प्रश्न आहे. माती आहे, जळण आहे, कारागीर आहे, एवढ्याने ती येत नाही. जमिनीवरील ताबा पुढच्या पिढीपर्यंत टिकेल अशी खात्री झाल्यावर ती येते, असे दोन्ही प्रदेशांच्या इतिहासावरून दिसते. ती खात्री संपली की वास्तूचे काय होते, हेही भंडारा जिल्ह्यात पाहावयास मिळते.

वीट जुनी, विटेचे घर नवे

भंडारा परिसराला भाजलेली वीट इंग्रजांनी दिली नाही. वैनगंगेच्या काठावरील पवनी येथे नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये संयुक्तपणे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखालील या उत्खननात विटांचे बांधकाम असलेल्या प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात रामटेकजवळील मनसर येथे वाकाटककालीन विटांची भव्य बांधकामे मिळाली आहेत. म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यात वीट पाडण्याचे व भाजण्याचे ज्ञान सुमारे दोन हजार वर्षे जुने आहे.

साहित्याचाही तुटवडा नव्हता. काळी कन्हार जमीन विटेला चालत नाही. ती वाळताना आकसते आणि वीट भट्टीत जाण्यापूर्वीच तडकते. मातीत चुनखडीचे खडे असले तर भाजल्यावर त्यांचा चुना होतो, पुढे ओल लागताच तो फुगतो आणि विटेचा टवका उडतो. परंतु नदीकाठचा गाळ आणि धानाच्या बांध्यांतील पिवळसर दुमट माती या दोषांपासून बरीच मुक्त असते. त्यातच धानाचा जिल्हा असल्याने कोंडा मुबलक. तो मातीत मिसळला की वीट वाळताना तडे कमी पडतात. भट्टीत थरांमध्ये पसरला की तोच सावकाश जळत राहून विटा भाजतो. पावसाळा संपल्यानंतर धान निघते, कोंडा हाती येतो आणि विटा पाडण्याचा हंगामही तेव्हाच सुरू होतो.

असे असूनही एकोणिसाव्या शतकापर्यंत सामान्य शेतकऱ्याचेच नव्हे, तर गावच्या पाटलाचे घरही प्रायः माती, लाकूड, बांबू व गवताचे असे. वीट होती ती मंदिरात, किल्ल्यात आणि राजकुटुंबाच्या वाड्यांत. याचे एक कारण भोसल्यांच्या काळातील वसुलीपद्धतीत शोधता येते. पाटील हा गावाचा मालक नव्हता. ठरावीक मुदतीच्या पट्ट्यावर सरकारसाठी सारा वसूल करणारा तो मध्यस्थ होता. मुदत थोडी असे, पट्टा दुसऱ्याकडे जाण्याची शक्यता नेहमीची. ज्याचे गाव पुढील वर्षी हातून जाऊ शकते, त्याने दोन हात जाडीची भिंत कोणासाठी बांधावी?

तिसऱ्या रघुजींचे १८५३ मध्ये निधन झाले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. त्यानंतरच्या दशकात झालेल्या जमाबंदीत वसुलीच्या या मध्यस्थांना गावांवर मालकी हक्क देण्यात आले आणि साऱ्याचा आकार दीर्घ मुदतीसाठी निश्चित करण्यात आला. मालगुजाराला आता गाव विकता, गहाण ठेवता आणि वारसाला देता येऊ लागले. घरच्या कसणुकीची 'सीर' व 'खुदकाश्त' जमीन त्याच्या नावे लागली. उर्वरित जमिनीवरील रयतेकडून तो सारा घेऊ लागला. १८८० नंतर नागपूर–राजनांदगाव मीटरगेज लोहमार्ग या प्रदेशातून गेला, १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो घेऊन रुंद केला, आणि तांदळाला दूरची बाजारपेठ मिळाली. हक्क आणि पैसा असे दोन्ही एकाच पिढीत हाती आले. विटेचे वाडे उभे राहिले ते यानंतर.

इंग्लंडमधील समांतर घटना

हीच गोष्ट इंग्लंडमध्ये सुमारे तीनशे वर्षे आधी घडली होती. तेथेही वीट जुनीच. सफोक परगण्यातील लिटल वेनहॅम हॉल ही तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील विटेची वास्तू आजही उभी आहे. पण ती सरदाराची. शेतकऱ्याचे घर लाकडी सांगाड्याचे, मधल्या जागा कुडाच्या, वर गवत किंवा बोरू, आणि मध्यभागी उघडी शेकोटी असे होते. धूर छपरातून वाट काढीत असे. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात १५७० ते १६४० या काळात इंग्रजी खेड्यांतील घरांची मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी झाल्याचे प्रतिपादन केले. शेतमालाचे भाव वाढत होते, आणि ज्यांचा खंड रूढीने ठरलेला होता किंवा जमीन स्वतःच्या मालकीची होती त्या शेतकऱ्यांकडे ही वाढ शिल्लक राहत होती. आर. मॅचिन यांनी १९७७ मध्ये या कालमर्यादेला आव्हान दिले. पुनर्बांधणीच्या लाटा वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळ्या वेळी आल्या आणि सतराव्या शतकाचा शेवट हाही मोठ्या बांधकामाचा काळ होता, असे त्यांनी दाखविले. हा वाद कालाबद्दलचा आहे. ताब्याची शाश्वती आणि हाती उरलेली शिल्लक यांचा टिकाऊ बांधकामाशी असलेला संबंध त्यामुळे नाहीसा होत नाही.

इंग्रजी शेतघरात वीट प्रथम आली ती भिंतीसाठी नव्हे, तर धुराड्यासाठी. उघडी शेकोटी बंद करून विटेचे उंच धुराडे उभारताच घराची रचनाच बदलली. धुरासाठी मोकळी ठेवलेली मधली जागा आता मजला घालून वापरता आली आणि वर झोपण्याच्या खोल्या झाल्या. सतराव्या शतकातील पूर्व व दक्षिण इंग्लंडमधील अनेक शेतघरांत धुराडे घराच्या मध्यभागी असते, दरवाजा त्याच्या नेमका समोर, आणि आत शिरताच एका बाजूला स्वयंपाकाची तर दुसऱ्या बाजूला बैठकीची खोली. एकाच धुराड्याच्या दोन तोंडांनी दोन्ही खोल्या तापतात. सारे घर आगीभोवती गुंडाळलेले असते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

बाहेरील भिंती विटेच्या होणे हा पुढचा टप्पा. सफोक, एसेक्ससारख्या परगण्यांत लाकडी सांगाडा तसाच ठेवून केवळ दर्शनी भाग विटेचा करून घेण्याची पद्धत अठराव्या शतकात रूढ होती. समोरून घर नवे, मागे गेल्यावर जुने. केंट व ससेक्समध्ये तर भिंतीवर विटेसारखी दिसणारी कौले बसविली जात. १७८४ मध्ये सरकारने विटेवर कर बसविला. तो चुकविण्यासाठी ही कौले आली असे पुष्कळदा सांगितले जाते, पण त्याच वेळी कौलांवरही कर होता, त्यामुळे हा खुलासा पटण्यासारखा नाही. कराचा खरा परिणाम विटेच्या मापावर झाला. कर हजार विटांमागे असल्याने काही कारखानदारांनी मोठ्या विटा पाडल्या. १८०३ मध्ये ठरावीक मापापेक्षा मोठ्या विटांवर दुप्पट आकारणी करून ही पळवाट बंद करण्यात आली. १८५० मध्ये हा कर रद्द झाला.

विटांच्या मांडणीचेही दोन मुख्य प्रकार तेथे आढळतात. एका थरात विटांच्या लांब बाजू दर्शनी व त्यावरील थरात आखूड बाजू दर्शनी, अशी आलटून-पालटून मांडणी म्हणजे इंग्लिश बाँड. एकाच थरात एक लांब, एक आखूड अशी मांडणी म्हणजे फ्लेमिश बाँड. तो सतराव्या शतकात प्रतिष्ठित झाला. भारतातील सार्वजनिक बांधकाम खात्याने पहिला प्रकार उचलला. भंडारा परिसरातील जुन्या सरकारी व रेल्वेच्या इमारती 'इंग्रजी' असतात त्या या अर्थाने. मालगुजाराचा वाडा त्या अर्थाने इंग्रजी नाही.

मालगुजारी वाड्याची बांधणी

वाडा 'खणां'त मोजला जातो. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. (इंग्लंडमधील जुनी लाकडी घरे व धान्यकोठारेही अशाच दोन चौकटींमधील अंतराने मोजली जात, हे साम्य लक्षणीय आहे.) सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, जमिनीतील ओल व वाळवी यांपासून त्याला दूर ठेवणे हा तळखड्याचा हेतू. खांबांवर तुळया, तुळयांवर माळ्याचे पाट, त्यावर आढे व वासे, आणि शेवटी कवेलू. छपराचा भार या लाकडी सांगाड्यातून थेट जोत्यात उतरतो.

भिंत या सांगाड्याच्या भोवती बांधलेली असते. ती जाड असते, पण पुष्कळदा सर्वांगाने पक्की नसते. बाहेरचा थर भाजलेल्या विटेचा, गाभा कच्च्या विटेचा किंवा मातीचा, जोडणी मातीच्या गाऱ्यात आणि दर्शनी सांधे तेवढे चुन्याने भरलेले. ज्याची ऐपत अधिक त्याने चुना अधिक वापरला. हा चुना बैलांच्या घाणीत वाळू व विटेची भुकटी घालून मळला जाई. ती भुकटी, म्हणजे सुरखी, चुन्याला ओलीतही घट्ट होण्याचा गुण देते. सफोकमधील दर्शनी विटेचे घर आणि साकोली-लाखनीकडील दर्शनी विटेचा वाडा यांच्यात कोणताही संपर्क संभवत नाही. तरीही महाग वस्तू लोकांच्या नजरेस पडेल तेथे वापरावी, हा हिशेब दोन्हीकडे एकच.

येथील वाड्याचे केंद्र आग नसून चौक आहे. समोर देवडी व दिंडी दरवाजा. आत गेल्यावर छपरी, तेथेच बैठक, आणि किस्तीच्या वेळी रयत येऊन बसण्याची जागा. पुढे चौक. चौकाच्या पलीकडे माजघर, देवघर, स्वयंपाकघर. त्याही मागे सांदवाडी, विहीर, गोठा. बाहेरच्या माणसाला कोठपर्यंत यावयाचे हे छपरी व चौक यांच्यामधील उंबरठ्याने ठरे, आणि हे अंतर केवळ सोयीचे नव्हते; जात, स्त्री-पुरुष आणि मालक-कूळ या तिन्ही भेदांची ती बांधीव मांडणी होती. वाड्याच्या सौंदर्याचे वर्णन करताना ही बाब गाळली जाते, ती गाळली जाऊ नये.

हवामानाचा हिशेबही चौकात दिसतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. जाड भिंत दिवसाची उष्णता उशिरा आत सोडते आणि रात्री चौकातून ती निघून जाते. पाऊस वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर, म्हणजे लंडनच्या दुपटीहून अधिक, आणि तोही बहुतांशी चार महिन्यांत. म्हणून छप्पर भिंतीच्या बरेच पुढे आलेले असते. इंग्रजी शेतघराला इतक्या मोठ्या वळचणीची गरज पडत नाही, तर वाड्याला धुराड्याची पडत नाही. चुलीचा धूर कवेलूंच्या फटींतून जातो आणि जाता जाता वासे व पाट यांना कीड लागू देत नाही.

धानाने वाड्याला दिलेला आकार तर विशेष पाहण्याजोगा आहे. कापणीनंतर धानाचे पुंजणे रचले जातात, मळणी होईपर्यंत ते उभे असतात. मळणीनंतर तणसाचे ढीग राहतात. आगीची भीती सर्वाधिक याच काळात. गवताचे छप्पर असलेल्या घरावर ठिणगी पडली की वर्षाचे पीक आणि घर एकदमच जाते. धान्य साठविण्याच्या ढोल्या ज्या खोलीत असतात ती म्हणूनच बहुधा आतील बाजूस, जाड भिंतींची आणि लहान झरोक्यांची असते. माळ्यावरही धान्य ठेवले जाई. माळ्याच्या तुळया राहत्या घराच्या मानाने अकारण जाड वाटतात, त्या माणसांसाठी नसून पोत्यांसाठी आहेत.

एक मोठा फरक जागेचा. इंग्लंडमध्ये सामाईक शेते कुंपणबंद होऊन सलग झाल्यावर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत अनेक शेतघरे गाव सोडून स्वतःच्या शेताच्या मध्यभागी गेली. मालगुजाराचा वाडा मात्र गावठाणातच राहिला. त्याचे उत्पन्न केवळ स्वतःच्या शेतातून येत नव्हते. ते रयतेकडून येत होते आणि त्यासाठी गावात, तलावाच्या पाण्याच्या वाटपावर नजर ठेवून बसणे आवश्यक होते.

१९५१ नंतर

मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली. गावे शासनाकडे गेली. तलाव गेले, ते आज 'माजी मालगुजारी', संक्षेपाने 'मामा' तलाव म्हणून ओळखले जातात. घरच्या कसणुकीची जमीन आणि गावठाणातील वाडा मात्र मालगुजाराकडेच राहिला. कसणाऱ्याच्या दृष्टीने हा कायदा न्याय्य व आवश्यक होता, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. वास्तूच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा झाला की, गावाच्या साऱ्यावर पोसले जाणारे घर एका कुटुंबाच्या शेतीवर आले. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणे हे खर्चाचे काम आहे. ते एक-दोन वर्षे चुकले की पाणी वाशांत, तेथून खांबाच्या माथ्यात आणि शेवटी भिंतीच्या कच्च्या गाभ्यात उतरते.

आता दुरुस्तीच्या नावाखाली होणारी हानी याहून गंभीर आहे. चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ असतो. भिंतीतील ओल त्यातून बाहेर पडते आणि झिजावयाचे तर तो झिजतो. त्या जागी सिमेंट भरले की ओल विटेतून बाहेर पडू लागते, क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली साचतात आणि काही वर्षांत विटेचे तोंडच गळून पडते. सिमेंटचा सांधा मात्र जाळीसारखा उभा राहतो. इंग्लंडमधील जुन्या शेतघरांनी विसाव्या शतकात हेच भोगले. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेली प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाची संस्था तेथे जुन्या भिंतींसाठी चुन्याचाच आग्रह धरीत आली आहे.

दुसरी चूक सांगाडा न ओळखण्याची. वाड्यातील विटेची भिंत पाहून ती छप्पर पेलते असा समज होतो. सागवानाला भाव असल्याने खांब व दरवाजे काढून विकले जातात, आणि ज्या भिंतीने कधीही छपराचा भार घेतला नव्हता तिच्यावर तो एकाएकी येतो. याच्या उलट, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या पुरासारख्या प्रसंगी कच्च्या गाभ्याची भिंत विरघळून पडली तरी तळखड्यावरील सांगाडा शाबूत राहू शकतो. असे घर भिंत नव्याने भरून पुन्हा राहते करता येते. पडझडीचा पंचनामा करताना हा भेद ध्यानात घेतला जावा, अशी अपेक्षा ठेवणे अवाजवी ठरणार नाही. पवनीजवळील गोसीखुर्द प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रातून जी गावे उठली, तेथे तर मोजमाप घेण्याजोगे काही उरलेले नाही.

नोंदणीच्या दृष्टीने काही सूचना

इतिहास, भूगोल किंवा अर्थशास्त्र विभागाला विद्यार्थ्यांकरवी अशा घरांची नोंद घेता येण्यासारखी आहे. त्यासाठी वास्तुशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही. विटेची लांबी-रुंदी-जाडी एकाच भिंतीत निदान दहा ठिकाणी मोजावी. पातळ, चपटी, हाताने पाडलेली वीट साधारणतः आधीची. नऊ इंच लांब, तीन इंच जाड आणि कडा सरळ असलेली वीट बांधकाम खात्याच्या मापाचा प्रभाव दाखविते. तथापि केवळ विटेवरून काळ ठरविणे धोक्याचे आहे, कारण जुन्या विटा पुन्हा वापरणे ही सर्वत्र चालत आलेली रीत आहे. १८५० च्या दशकात लाहोर–मुलतान लोहमार्गासाठी हडप्पाच्या विटा उचलल्या गेल्या, तेथे एखाद्या गावच्या भिंतीत जुन्या गढीची वीट निघाली तर नवल नाही. गारा कशाचा, खण किती, तुळयांना आधीच्या वापराच्या खाचा आहेत काय, हे पाहून आणि जमाबंदीच्या कागदपत्रांशी ताडूनच निर्णय करावा.

वाटणीच्या खुणाही नोंदवाव्यात, कारण बहुतेक वाडे आज एकाहून अधिक वारसांत विभागलेले आहेत. विभागणीची भिंत बहुधा चौकाच्या मधोमध घातलेली असते. चारही छपरांचे पाणी पूर्वी चौकात पडून ज्या एका मोरीने बाहेर जात असे, ती मोरी आता एकाच्याच वाट्याला येते. दुसऱ्या बाजूचे पाणी नव्या भिंतीच्या पायथ्याशी तुंबते, आणि जुन्या जोत्यात ओलीचा पहिला पट्टा तेथेच दिसू लागतो.